वारणेची हद्द

वारसा, विश्वासघात आणि सूड यांचे नाट्य केवळ रंगभूमीवर घडत नाही. आमच्या कोडोलीजवळची वारणा नदी अशाच एका गृहकलहाची साक्षीदार आहे. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी आपल्या सवतीला, ताराबाईंना, पुत्रासह कैद केले आणि स्वतःचे पुत्र संभाजी यांना कोल्हापूरच्या गादीवर बसविले. पुढे सातारचे शाहू आणि हे संभाजी या चुलत बंधूंमध्ये राज्यासाठी संघर्ष झाला. १७३१ च्या तहाने वारणा ही हद्द ठरली. वाटणी लेखी झाली, तेव्हाच तो वाद शमला.

बँकेच्या नोकरीत अशा लढाया मी टेबलापलीकडून पाहिल्या. दोन जुळ्या भावांपैकी एकाने नामनिर्देशनाच्या आधारे वडिलांची ठेव काढली आणि ती आपलीच मानली. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती केवळ विश्वस्त असते, मालकी वारसांची. दुसऱ्याने सूड म्हणून दुकानाच्या विक्रीपत्रावर सहीच दिली नाही. दुकान वर्षानुवर्षे बंद राहिले. दोघांच्याही हाती काही लागले नाही.

कुंभोजला बाहुबलींची २८ फुटी मूर्ती आहे. भरताला मल्लयुद्धात खांद्यावर उचलूनही त्यांनी त्याला आपटले नाही. जिंकलेले राज्य सोडून ते तपाला गेले. एवढा त्याग आपल्याच्याने होणार नाही. परंतु वडीलधाऱ्यांनी हयातीतच मृत्युपत्र व वाटणीचे कागद स्पष्ट करावेत. क्षमावाणीला हात जोडून मागितलेली क्षमा त्या कागदांवरही उमटावी.