नर्सबाईंचं देणं

हल्ली रात्री अंग टाकलं की मला झोप लागते. हे सुख मला रोहण्यातल्या आमच्या नर्सबाईंनी दिलं. बाई आता नाहीत. त्यांचं हे ऋण कुठेतरी नोंदलं जावं, म्हणून लिहितो आहे.

नागपुरात मी वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळी करत होतो. शेवटची आवृत्ती छपाईला जाईपर्यंत कॉफीवरच रात्र निघायची. पुढे वडिलांचं शेत बघायला गावी आलो. रात्रपाळी सुटली, कॉफी मात्र सोबत आली. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव पक्कं चहाचं; माझ्या घरी मात्र दिवसभर कॉफीचा डबा उघडा. छातीत धडधड, घशाशी आंबट आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडणं, असं चाललं होतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, त्यात दोष निघाला नाही. रक्तदाब थोडा वरचा निघाला. कॉफी कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती कमी करायची कशी, ते बाईंनी शिकवलं.

बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आरोग्यसेविका. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. त्या म्हणाल्या, ‘‘एकदम नको सोडू गा बाबू. डोकं धरते मंग.’’ आधी संध्याकाळचा कप बंद करायला लावला. कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं: कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेली कॉफी अकरालाही अंगात जागी असते. मग दुपारच्या कपाची पाळी आली. सकाळचा कप त्यांनी शेवटपर्यंत ठेवला आणि बंद केलेल्या प्रत्येक कपाच्या जागी दुसरं काहीतरी हातात दिलं. रिकाम्या हातानं मला त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

त्यांच्या मोरीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट माजलेलं असायचं. धारदार पात, बोट कापू नये म्हणून त्या ती पदरात धरून विळ्यानं बुडापाशी कापत. दोन-तीन पाती धुवायच्या, दुमडून त्यांचीच गाठ मारायची, आधणात टाकायची, वर आल्याचा ठेचलेला तुकडा. एक उकळी आली की चुलीवरून भांडं उतरवून वर ताटली. ती उचलली की लिंबासारखा वास थेट ओसरीपर्यंत यायचा. साखर नाही, दूध नाही. पहिले काही दिवस मला तो काढाच वाटला. पुढे त्याची वेळ झाली की पाय आपोआप त्यांच्या ओट्याकडे वळू लागले.

कपभर कडक कॉफीत साधारण 95 मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याच कोऱ्या चहात त्याच्या निम्मं, हिरव्या चहात आणखी कमी. गवती चहात आणि तुळशीत ते मुळीच नाही. अंबाडीतही नाही. आमच्याकडे अंबाडी म्हणजे भाजी आणि भाकरी. बाई लाल अंबाडीची बोंडं सोलून सावलीत वाळवत आणि गरम पाण्यात टाकत. पाणी माणकासारखं लाल होई, चव आंबट. या पाण्यानं रक्तदाब थोडा उतरतो असं अभ्यासांतही दिसलं आहे. पण ‘‘गोळी बंद करून हे प्यायचं नाही हं,’’ असं बाई दर वेळी बजावत. ज्येष्ठमधाला तर त्यांनी मला हात लावू दिला नाही. ते रोज घेतलं की रक्तदाब चढतो. झाडपाल्याचं म्हणून सगळंच निर्धोक, असं त्या कधीच मानत नसत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गांधीजींचं ‘आरोग्याची किल्ली’ हे पुस्तक त्यांनीच मला वाचायला दिलं. 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत ते लिहिलं गेलं. त्याचा इंग्रजी अनुवाद डॉ. सुशीला नायर यांनी केला. पुढे 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं त्या याच. चहा, कॉफी, कोको यांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराला यातल्या कशाचीच गरज नाही, असं गांधीजींचं मत. तरी चहा करायचाच तर पत्ती उकळू नका, गाळणीतल्या पत्तीवर उकळतं पाणी ओता, रंग गवताच्या काडीइतका फिका राहू द्या, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. माझा सकाळचा चहा आज तसाच होतो. आमच्या भागातल्या गवळाऊ गाईचं दूध घरात असलं तर ते वेगळं पितो, चहात घालत नाही.

त्या पुस्तकातला चहातल्या टॅनिनचा मुद्दा बाईंना फार महत्त्वाचा वाटे, आणि त्यामागे त्यांची सगळी नोकरी होती. खेडोपाडी पायी फिरताना त्यांनी किती बायांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली असेल! पांढरी पडलेली पापणी दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘जेवल्यावर चहा घेतेस का माय?’’ एखादी शेतातून यायची, भाकर खायची आणि लगेच कडक चहा. लोहाची गोळीही कधी त्याच चहासोबत. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह बांधून ठेवतात, त्यातलं बरंचसं रक्तापर्यंत पोचतच नाही. वर लिंबू पिळलेली भाजी खाल्ली तर उलट लोह जास्त अंगी लागतं. मला बाईंनी झोप दिली, पण हे सांगून त्यांनी कितीजणींच्या अंगात रक्त राखलं, त्याची कुठल्या रजिस्टरात नोंद नाही.

त्यांच्या बेटातला एक गड्डा माझ्या अंगणात लागला आहे. गावात कोणी मागितला की फोडून देतो. पण त्यांचं खरं देणं फिटायचं तर त्यांचा निरोप पुढे जायला हवा. तुमच्या घरात गरोदर बाई असेल, वयात आलेली मुलगी असेल, तर तिला जेवणाला लागून चहा-कॉफी देऊ नका. तासभर जाऊ द्या. आणि लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत द्या.