शिवणीत माया हवी, मनात नको



दशलक्षण पर्व जवळ आलं की मला तिसऱ्या दिवसाची जरा धास्तीच वाटते. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक आणि ओठांवर दुसरं असं नसणं. गेल्या वर्षी याच दिवशी मंदिरात बसल्या बसल्या माझी मान खाली गेली. कारण होतं साठ ब्लाऊज. ते आज सांगूनच टाकते.

तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, मी इथे बारामतीत आणि माझी वहिनी इंदापूरला, अशा आम्ही नणंद-भावजय मिळून सोवळ्याचे सुती कपडे शिवतो. पूजेला, चौक्यात आहार देताना घालायचे ब्लाऊज, परकर, मुलींचे कुर्ते. एका खेपेला बारा नग, त्याहून जास्त नाही. पुऱ्यांचा घाणा कसा, कढईत मावेल एवढाच टाकायचा, तसंच. जास्त टाकल्या की एकही धड फुगत नाही.

सुतीच का, असं पुष्कळजणी विचारतात. रेशमाचं तर आपल्याला माहीतच आहे. कोश उकळत्या पाण्यात टाकून धागा काढतात, आत जीव असतो, आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात. पूर्वी पूजेला रेशमी नेसायची चाल घराघरांत होती, पण हे कळल्यावर मन धजत नाही. पॉलिस्टर स्वस्त आणि बिनइस्त्रीचं खरं, पण गॅसजवळ त्याची भीती वाटते. सुती कापड पेटलं तर जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. चौक्यात चार शेगड्या पेटलेल्या असताना ते अंगावर नको.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. गिरणीत विणताना ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात जनावरांची चरबी घालायची पद्धत होती. हातमागावर साधी तांदळाची किंवा गव्हाची कांजी चालते. आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांनी हातमागाचा एवढा आग्रह का धरला, ते तेव्हा नीट उमगलं. महाराजांचा जन्म 1946 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्यांच्या प्रेरणेने ठिकठिकाणी हातमाग सुरू झाले, मध्य प्रदेशात सागरच्या तुरुंगातले कैदीसुद्धा विणायला बसले. अहिंसक कापड आणि हाताला काम, दोन्ही एकदम. 18 फेब्रुवारी 2024 ला डोंगरगडला महाराजांची समाधी झाली, तेव्हा आम्ही दोघींनी नियम घेतला की सोवळ्याचं जे शिवू ते हातमागाचंच.

आमची रीत साधी आहे. कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सावलीत वाळवायचं, मग बेतायचं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, ते आधीच आटू द्यायचं. उभा धागा बघून सरळ कापायचं. शिवण बंद घालायची, म्हणजे कच्ची कड आत जाते आणि धागे निघत नाहीत. आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवायची, म्हणजे पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. असा ब्लाऊज पाच-सहा वर्षं सहज जातो. तुकडे उरतात त्यांच्या पिशव्या होतात, जाड मांजरपाट असेल तर पाण्याचं गाळणं. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस रुंद, दुहेरी.

आता साठ ब्लाऊजची गोष्ट. गेल्या आषाढात अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान ठरलं. मंडळातल्या सगळ्याजणींना एका रंगाचे ब्लाऊज हवे होते, तीन आठवड्यांत. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, बारांच्या वर जाऊ नका." मी ऐकलं नाही. खरं सांगते, आपलं नाव होईल असं वाटलं. कापड आलं आणि त्याच सुमारास पालखीही आली. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर हाच तुकोबारायांच्या पालखीचा रस्ता, आणि हाच माझ्या माहेरचा. रस्ता वारकऱ्यांनी भरला, एसटी दुसरीकडून वळवल्या, आणि वहिनीकडे निम्मे ब्लाऊज पोचवायचं राहून गेलं. सगळे मीच शिवले. भिजवायला वेळ नव्हता, तसंच बेतलं. कापड पुरावं म्हणून माया इंचाची पाव इंचावर आणली.

विधान आठ दिवसांचं. दोन दिवसांत ब्लाऊज धुतले गेले आणि आटले. तिसऱ्या दिवशी अर्घ्य चढवताना एका काकींची काखेतली शिवण उसवली. त्या काही बोलल्या नाहीत, पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि तशाच बसल्या. नंतर दोघीतिघींनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "काय करू, कापडच तसं निघालं."

कापड चांगलं होतं. विणणाऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. दोष मी त्याच्यावर ढकलला.

दोन महिन्यांनी आर्जवाच्या दिवशी प्रवचनात क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आले. माया म्हणजे कपट. आणि मला काकींचा पदर आठवला. शिवणीतली माया मी कापली होती, आणि ती लपवायला दुसरी माया केली होती.

क्षमावाणीच्या दिवशी मी काकींकडे गेले. क्षमा मागितली, आणि नुसती मोघम नाही. कापड भिजवलं नव्हतं, माया ठेवली नव्हती, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं माझंच वजन वाढलं. आठ दिवस एका वेळेलाच जेवत होते मी." हे ऐकून मला रडूच आलं. माझ्या एका खोट्यापायी त्या स्वतःला दोष देत बसल्या होत्या.

मग मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं. चौदा ब्लाऊज परत आले. सैल करायला आत काहीच नव्हतं, म्हणून वहिनीने आणि मी प्रत्येकाच्या बगलेत कळी जोडली. दिवाळीपर्यंत तेच पुरलं. काकींच्या ब्लाऊजची कळी जरा गडद रंगाची आहे. बदलून देते म्हटलं तर नको म्हणाल्या.

आता पुन्हा बारावर आलो आहोत. सावकाश होतं, थांबावं लागतं, काहीजणी दुसरीकडून घेतात. घेऊ देत.

तुम्ही कुणाकडूनही कपडा शिवून घ्या, एकदा उलटा करून आतली शिवण बघा. माया किती ठेवली आहे ते लगेच कळतं. आणि माझ्याकडचा कुणाचा ब्लाऊज अजून कपाटात तसाच पडला असेल, तर संकोच न करता पाठवा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.