उजनीच्या काठावर एक रविवार

फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरत आला की आमच्या सोलापूरची थंडी काढता पाय घेते. फजरला शाल लागते आणि दुपारी पंखा. रमजान तोंडावर आलेला, त्याच्या मागोमाग परीक्षा आणि पेपरांचे गठ्ठे. आम्ही दोघंही शिक्षक, त्यामुळे कुठं जायचं तर हाच रविवार, एवढं आम्ही ठरवलं. कुठं जायचं ते धाकट्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. भिगवणला, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला.

धाकटा सातवीत आहे. दोन वर्षांपासून त्याला पक्ष्यांचं वेड लागलंय. घरात सलीम अलींच्या आत्मचरित्राची जुनी प्रत आहे, तिच्यातली एक हकीकत आम्ही त्याला सांगितली होती. 1896 साली मुंबईत जन्मलेलं, लहानपणीच आईबापाविना झालेलं हे पोर मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलं. एकदा छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी, म्हणून मामांना विचारलं. मामांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. एका प्रश्नावरून माणसाचं सारं आयुष्य ठरलं. तेव्हापासून आमच्या पोराची वही सुरू आहे : तारीख, जागा, पक्षी, संख्या. मराठी नावांसाठी तो आमच्या सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश शाळेच्या ग्रंथालयातून आणतो.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही घरी आलो. दुपारी अंगणात ज्याचा त्याचा उद्योग चाललेला. लेक कलम छिलून खुशखतीचा सराव करत होती. धाकटा जुनी दुर्बीण पुसत होता. अम्मी, म्हणजे मुलांच्या दादी, जुन्या साड्यांची गोधडी शिवत बसल्या होत्या.

"दादी, तुम्हीही चला ना," धाकटा म्हणाला.

सुई थांबली. "तुम्ही जा. मला काय बघायचंय तिथं?"

अम्मींचं माहेर भीमेच्या काठी होतं. त्या एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोलापूरला आल्या, आणि काही वर्षांतच गाव उठलं. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, पाणी मागं मागं पसरत गेलं आणि काठावरची कितीतरी गावं त्याच्या पोटात गेली. भावांनी घराची दारं-तुळया बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणात घर उभं केलं. नदीकाठचं कब्रस्तान मात्र तिथंच राहिलं. त्यात अम्मींच्या अब्बांची कबर. त्यानंतर पुण्याला जाताना अम्मी एसटीत नेहमी पाण्याच्या पलीकडच्या बाजूची खिडकी धरत. आम्हाला ते ठाऊक होतं. आम्ही कधी विचारलं नाही.

रात्री इशा झाल्यावर अम्मी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "सकाळी किती वाजता निघायचं? आणि मला उजवीकडची खिडकी द्या."

फजर पढून आम्ही निघालो. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी. मोहोळच्या पुढं उजाडलं. रस्त्याच्या कडेला ज्वारी पिवळी पडत चाललेली, कुठं काढणी सुरू, कुठं हुरड्याच्या शेवटच्या पाट्या. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रेंगाळायची तेव्हा मुलं ऊस मोजायची. टेंभुर्णी सोडल्यावर भीमेचा पूल लागतो, तिथून धरणाची भिंत दिसते. अम्मींनी तिच्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला. इंदापूरनंतर उजव्या हाताला पाणी लागलं, ते झाडांआडून दिसत-लपत भिगवणपर्यंत सोबत राहिलं.

सोलापूरहून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथून आत वळून आम्ही कुंभारगावच्या काठावर पोचलो. मासेमारी करणारी इथली माणसंच नावेतून पक्षी दाखवतात. आमचे नावाडी पन्नाशीचे होते. अम्मींना त्यांनी हात धरून नावेत बसवलं. "सावकाश, चाची."

रोहित दिसले ते आधी नुसती गुलाबी रेघ होऊन. जवळ गेल्यावर पाय दिसले, मग वाकलेल्या माना. चोच उलटी करून ते उथळ पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग चढतो. पिल्लं जन्मतः राखाडी असतात. त्यांची मातीची घरटी कच्छच्या रणात. इथं ते येतात ते पोटासाठी. हिवाळा सरताना धरणाचं पाणी उतरू लागतं, चिखल उघडा पडतो आणि त्यांचं ताट वाढलं जातं.

पुढं काठावर नारिंगी-तपकिरी बदकांची एक जोडी बसलेली होती. "चक्रवाक!" धाकटा कुजबुजला. उर्दूत हाच सुर्खाब. 'क्या सुर्खाब के पर लगे हैं' हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, आणि सुर्खाबाचे पर कसे असतात ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जोडी उडाली तेव्हा पंखांवर पांढरा पट्टा लखलखला, टोकं काळीभोर. आता वर्गात हा वाक्प्रचार आला की आम्हाला थोडं जास्त सांगता येईल.

तेवढ्यात अम्मींनी नावाड्याला विचारलं, "दादा, इथून ते गाव कुठं आलं?" आणि नाव सांगितलं.

नावाड्यानं वल्हं थांबवलं. "तुमचं माहेर का, चाची? आमचंही जुनं गाव खालीच हाय." मग त्यानं एका दिशेनं बोट केलं. "त्या पलीकडं. पाणी लई आटलं की विहिरीचा काठ दिसतो. चिंचेची खोडं बी दिसायची."

"नदीकडं उतरताना चिंच होती," अम्मी म्हणाल्या. "तिच्या खालीच अब्बा."

नावाड्यानं न सांगता नाव तिकडं वळवली आणि थोडं अंतर जाऊन थांबवली. तिथं दुसरं काही नव्हतं, पाणीच होतं. अम्मींनी हात उचलून मगफिरतची दुआ मागितली. आम्ही आमीन म्हटलं. धाकट्यानं दुर्बीण खाली ठेवली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अम्मींनी ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं.

"वास येतो याला. आमच्या नदीला नव्हता."

खरंच आहे. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीतून इथवर येतं आणि पाण्यावर हिरवी साय धरते. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

काठावर सावलीत चटई टाकून जोहर पढलो. नावाड्याच्या घरी चिलापी तळून आणि गरम भाकरी मिळाली. अम्मींनी माशाचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "हा मासा आमच्या वेळी नव्हता. आमच्याकडं मरळ आणि वांब." नावाड्याच्या आई आतून म्हणाल्या, "वांब आता लई कमी घावते, बाई." मग दोघी बोलत बसल्या : कुणाच्या घराची तुळई कुणाच्या नव्या घराला लागली, कुणाला जमीन मिळाली, कोण अजून कागद घेऊन फिरतंय. निघायला आम्हाला उशीर झाला, पण कुणी त्यांना उठवलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटे लवकर निघा; ऊन चढलं की पाणी चमकतं आणि पक्षी नीट दिसत नाहीत. फिक्या रंगाचे कपडे घाला, नावेत मुलांना ओरडू देऊ नका, नाव पक्ष्यांच्या अगदी जवळ न्यायचा आग्रह धरू नका. एक दुर्बीण चौघांत पुरते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा नाही म्हणाले तरी पुन्हा विचारा.

परतताना अम्मी पाण्याच्याच बाजूला बसल्या आणि इंदापूरपर्यंत जाग्या होत्या. धाकट्याच्या वहीत त्या दिवशी अठरा पक्षी लिहिले गेले. 'जागा' या रकान्यात त्यानं आधी उजनी लिहिलं होतं. ते खोडून दादींना विचारून त्यांच्या गावाचं नाव लिहिलं.

सोलापूरला काही दिवसांआड नळ येतो. ते पाणी उजनीचंच, सुमारे शंभर किलोमीटरच्या जलवाहिनीतून आलेलं. मंगळवारी पहाटे नळ आला. धाकटा बादली लावत ओरडला, "दादी, तुमच्या गावचं पाणी आलं!"

"मग सांडू नको," अम्मी आतून म्हणाल्या.