सात दिवस, सात रात्री



दशलक्षणात मी सकाळी दहापर्यंत मौन धरते. यंदा असंच मौन चालू असताना शेजारच्या ख्रिस्ती मावशी विरजणाला दही मागायला आल्या. मी खुणेनंच वाटी भरून दिली. संध्याकाळी वाटी परत करताना त्या म्हणाल्या, "आमच्या शास्त्रातही मौन आहे हो. पण व्रत म्हणून घेतलेलं कमी, माणसावर येऊन पडलेलं जास्त." आणि आपलं मराठी बायबल घेऊन आल्या.

जखऱ्या नावाचा म्हातारा याजक. तुला मुलगा होईल असं देवदूतानं सांगितलं, त्याला पटलं नाही, म्हणून वाचाच गेली. मूल जन्मल्यावर त्यानं पाटीवर 'योहान' हे नाव लिहिलं, तेव्हा जीभ सुटली. येशू हेरोदापुढे उभा असतो आणि त्याच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. प्रकटीकरणात सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता होते. (अर्धाच तास? आपलं सामायिक 48 मिनिटांचं, असं माझ्या मनात आलंच. मौनातही मान कषाय डोकावतो तो असा.) बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलाच्या पत्रात आहे, तिथं मावशींनी चष्मा पुसला आणि पान उलटलं.

मग ईयोबाची गोष्ट आली, आणि मी तिथंच अडकले.

ईयोब नीतिमान गृहस्थ. गुरंढोरं गेली, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी गेल्या, अंगभर फोडं उठली. राखेत बसून तो खापरीनं अंग खाजवतोय. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. दुरून त्याला ओळखतही नाहीत. रडतात, वस्त्रं फाडतात, डोक्यावर धूळ घालतात आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. सात दिवस आणि सात रात्री. कोणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत असतं. यहुदी लोकांत आजही भेटायला गेलेल्यानं आधी बोलायचं नाही, शोकातला माणूस बोलला की मगच, अशी रीत आहे. ती याच गोष्टीवरून सांगतात.

आठवड्यानंतर ईयोब तोंड उघडतो, आणि मग मित्रही. इथं सगळं बिघडतं. निर्दोष माणसावर असं संकट येतं का, असं अलीफज विचारतो. बिल्दद तर तुझ्या मुलांनीच पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं, इथपर्यंत जातो. तुम्ही गप्प राहिला असता तर त्यातच तुमचं शहाणपण दिसलं असतं, असं ईयोब त्यांना सुनावतो. ग्रंथाचे 42 अध्याय आहेत. शेवटच्या अध्यायात देव मित्रांवरच रागावतो.

आपण जगाचा कर्ता देव मानत नाही, त्यामुळे त्या देवाचं उत्तर मला आपलं वाटलं नाही. पण ते मित्र? ते मला चांगले ओळखीचे वाटले.

चार वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी मी गेले, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, निकाचित कर्म असतं, भोगल्याशिवाय सुटत नाही." स्वाध्यायात नुकतंच ऐकलेलं होतं. तिनं हात काढून घेतला. त्यानंतर आमच्यात "या, बसा, चहा घ्या" एवढंच उरलं. ताईंनी अबोला धरलाय, असं मी चार घरी सांगितलं. दर क्षमावणीला हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत होते, पण कशाची क्षमा ते कधी म्हटलं नाही.

कर्मसिद्धांत खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझी श्रद्धा तीच आहे. पण भाषा समितीत बोलणं हितकर, मोजकं आणि प्रिय असावं लागतं. मी फक्त खरं आहे ना एवढंच पाहिलं. तेही कुणाला सांगतेय ते न बघता.

यंदा अनंत चतुर्दशीनंतर मी ताईंकडे गेले. त्या मूग निवडत होत्या. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी बोलायला नको होतं." त्या काही बोलल्या नाहीत. मी दुसरं ताट ओढून मूग निवडायला बसले. घड्याळाचा आवाज येत होता. दोन वेळा सांत्वनाचं वाक्य ओठांवर आलं, दोन्ही वेळा गिळलं.

बऱ्याच वेळानं, मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्याला मुगाची खिचडी आवडायची नाही, वहिनी. ताट सरकवून द्यायचा."

मी निवडत राहिले. त्या पुढं बोलत होत्या.