हाकेपलीकडची सोबत

बोटिंग क्लबच्या सामुदायिक सफरीला निघालं, की पहिल्या दिवशी वाटतं, आता आठवडाभर ह्या गोतावळ्यातून सुटका नाही. टॉर्टोलाच्या रोड टाउन बंदरातून बाहेर पडेपर्यंतच ते खरं. मग शिडं चढतात, पूर्वेकडून येणारा व्यापारी वारा त्यांत भरतो, इंजिनं गप्प होतात आणि बोटी पांगतात. थोड्याच वेळात सगळा गोतावळा नखाएवढ्या पांढऱ्या त्रिकोणांपुरता उरतो. ब्रिटिश व्हर्जिन बेटं इतकी जवळजवळ, की होकायंत्र न बघताही पुढचं बेट दिसत असतं. पण मी मोजत बसतो ते त्रिकोणच.

संध्याकाळी पुन्हा गर्दी. नॉर्मन बेटाच्या खाडीत समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या बोयांना बोटी बांधायच्या. एकजण टोकावर आकडी घेऊन ओणवा, दुसरा सुकाणूवर. 'डावीकडे!' 'कुणाच्या डावीकडे?' हा संवाद नवराबायकोंमध्ये विशेष रंगतो. शेवटी दोर हाती येतो तो शेवाळाने बुळबुळीत, मधूनच बारीक शिंपल्यांनी तळहात खरवडणारा. तो कठड्यावरून ओढून गच्च आवळला, की शेजारच्या बोटीवरून टाळ्या. आपण चुकत होतो तेव्हाही हीच मंडळी बघत होती, हे तेव्हा कळतं!

एकत्र असण्याचा समुद्राला मात्र काडीचाही मुलाहिजा नाही. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी पीटर बेटाच्या आडोशाला 'ऱ्होन' आणि 'कॉनवे' ही टपालजहाजं शेजारी शेजारी उभी होती. वादळ आलं. 'ऱ्होन' जास्त सुरक्षित म्हणून 'कॉनवे'वरचे प्रवासी तिच्यावर चढवले. अडकलेला नांगर सोडून देऊन ती खुल्या समुद्राकडे निघाली आणि सॉल्ट बेटाच्या खडकांवर फुटली. जवळजवळ सगळे गेले. आज तिच्या सांगाड्याभोवती पाणबुडे पोहतात. आम्हीही वरून, तोंडाला नळी लावून पाहिला. त्या दिवशी वायरलेसवरच्या गप्पा जरा कमी झाल्या.

अनेगाडाला जाताना तर मला क्लबचे आभारच मानावेसे वाटले. बाकीची बेटं डोंगराळ. हे प्रवाळाचं, ताटासारखं सपाट, सर्वांत उंच जागा जेमतेम आठ मीटर. जवळ जाईपर्यंत बेट दिसतच नाही, आधी पाण्यातून माडांचे शेंडे वर येतात. भोवतीच्या हॉर्सशू प्रवाळभिंतीने कितीतरी जहाजं गिळली आहेत. पुढची बोट सुखरूप वळली, की मागच्याने वळायचं. तिथे कुणीही शर्यत लावली नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. सप्टेंबर २०१७ मध्ये 'इर्मा'ने इथल्या बंदरांत बांधलेल्या बोटी एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. क्लबने सवलत देऊ केली तरी त्या महिन्यांत नको.