सुटं होणारं घर

आई गेल्यावर आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला बाबांबरोबर माझंही नाव लागलं. त्यामुळे रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर माझीही सही आहे. बाबा पंधरा दिवस टाळत होते. मीच मागे लागले: लिफ्ट मिळेल, पार्किंग मिळेल, चार जिने चढावे लागणार नाहीत.

बिल्डिंग पाडताना मी रोज ऑफिसला जाता-येता थांबायचे. सळ्या आणि खिडक्यांचे गज भंगारात गेले. उरलं ते पोकलेनने फोडून ट्रकमध्ये भरलं. स्वयंपाकघराच्या पिवळ्या टाइल्स मी ढिगात ओळखल्या. "हे कुठे टाकता?" मी ड्रायव्हरला विचारलं. तो नुसता हसला. चौतीस वर्षांच्या घराचा आठवड्यात राडारोडा झाला.

तेव्हा कोकणातलं आजोळ आठवलं. तेही उतरवलं होतं, पण खरोखर 'उतरवलं'. आधी कौलं, मग वासे, मग तुळया. मामाने प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घातले होते. खांब त्याच्या नव्या पडवीत उभे राहिले, तुळया शेजाऱ्याच्या गोठ्याला गेल्या, चिरे कुंपणाला लागले आणि भिंतींची माती परसात पसरली.

मॉड्युलर बांधकामाबद्दल वाचायला लागले ती यामुळेच. खोल्या किंवा भिंती कारखान्यात बनवायच्या, साइटवर आणून क्रेनने बसवायच्या, बोल्टने जोडायच्या. माप ठरलेलं असल्याने कापाकापीत माल कमी वाया जातो, साइटवर धूळ कमी उडते. सांगाडा हलक्या स्टीलचा किंवा लाकडाचा असेल तर सिमेंटही कमी लागतं. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वायू चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. पण मला सगळ्यात मोठा फायदा वाटला तो शेवटचा: जोडलेलं सोडवता येतं.

मग टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरपाशी अडखळले. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या या इमारतीत १४० कॅप्सूल दोन मनोऱ्यांना बोल्टने लावल्या होत्या. दर पंचवीस वर्षांनी त्या बदलायच्या, अशी कल्पना होती. एकही बदलली गेली नाही. खालची काढायची तर वरच्या हलवाव्या लागणार होत्या, आणि मालक अनेक. २०२२ मध्ये टॉवर उतरवला, जेमतेम २३ कॅप्सूल वाचवल्या.

असा कोड मी रोज बघते. कागदावर मॉड्युलर, आत सगळं एकमेकांत गुंतलेलं. नुसते बोल्ट लावून घर सुटं होत नाही. ते सोडवायची सोय आणि सोडवणाऱ्या माणसांचं एकमत, दोन्ही आधीपासून लागतं. आमच्या आजोळी ते मामाच्या खडूत होतं.

नव्या बिल्डिंगचे प्लॅन दाखवायच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, "पन्नास वर्षांनी ही पाडायची झाली तर यातलं काय परत वापरता येईल?" सगळे हसले. "अगं, आधी बांधू तर दे," एक काका म्हणाले.

बाबा हसले नाहीत. आमच्या जुन्या दाराची सागवानी चौकट त्यांनी भंगारवाल्याला पैसे देऊन परत आणली होती. सध्या ती भाड्याच्या घराच्या बाल्कनीत उभी आहे. मीटिंगहून आल्यावर त्यांनी टेप घेऊन ती मोजली, मग प्लॅन पाहिला.

नव्या दाराच्या मापात ती बसत नाही. तीन इंचांनी.