धारवाडची कसूती आणि अव्वांचे कापड

अव्वांची ट्रंक आम्ही दिवाळीच्या आवराआवरीत उघडली. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. वर दोन इरकली लुगडी, खणाच्या तीन चोळ्या, संक्रांतीला नेसायची काळी चंद्रकळा आणि अगदी तळाशी हातभर लांबीचे एक कापड. मूळचे पांढरे असावे, आता पिवळट पडलेले. त्यावर ओळीने गोपुरे, तुळशीवृंदावने, हत्ती, मोर, पाळणे भरलेले. कडेला ना किनार, ना झालर. टेबलावर घालावे इतके रुंद नाही, भिंतीवर लावावे तर अर्धवट. लेकीने विचारले, "आई, हे कशासाठी केलंय?" मला सांगता आले नाही.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर नवलगुंदजवळच्या खेड्यातले, कानडी. सासर बेळगावचे, मराठी. अशी घरे आपल्या भागात काही कमी नाहीत. वाचकांपैकी कित्येकांचे घर असेच असेल. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. पुढे शिकल्या, पण त्यांच्या मराठीत सगळ्या वस्तू शेवटपर्यंत 'ते'च राहिल्या. 'ते बस आलं', 'ते भाकरी गार झालं'. कानडीत निर्जीव वस्तूला एकच लिंग. मराठीने प्रत्येक भांड्याकुंड्याला वेगळे लिंग का द्यावे, हे त्यांना कधी पटले नाही. आम्ही हसायचो आणि दर वेळी दुरुस्त करायचो. त्यात मी कॉलेजात मराठी शिकवणारी, म्हणून सर्वांत जास्त दुरुस्त्या माझ्याच.

कापड मी आमच्या कॉलेजातल्या कन्नड विभागाच्या सहकारी बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "ही कसूती. धारवाडला माझ्या ओळखीच्या एक अक्का आहेत, कसूतीचे नमुने तयार करतात. त्यांच्याकडे न्या. त्या कापड वाचतात." त्या शब्दासाठी मी पुढच्याच रविवारी सकाळच्या बसमध्ये बसले.

बेळगाव ते धारवाड हा प्रवास आपल्याला इतका सवयीचा की खिडकीबाहेर कोणी बघत नाही. हिरेबागेवाडी मागे पडते, एम. के. हुबळीला मलप्रभेचा पूल लागतो, उसाची शेते लागतात, कित्तूर आले की कोणीतरी राणी चन्नम्माचे नाव घेते आणि दीड-दोन तासांत धारवाड येते. बहुतेकांची धारवाडची खूण म्हणजे लाईन बाजारातला पेढा. मी मात्र रिक्षा करून थेट माळमड्डी गाठली. रेल्वे स्टेशनाजवळचा हा जुना भाग, झाडे आणि कौलारू घरे अजून बऱ्यापैकी राखून असलेला.

"बर्री, कुंदर्री," म्हणत अक्कांनी सतरंजी पुढे केली. वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आजी मिरजेची, त्यामुळे मराठी उत्तम कळते. आमचे बोलणे अर्धे कानडी, अर्धे मराठी असेच झाले. नाव छापायचे नाही, ही त्यांची अट. "नाव आलं की फोन येतात. हातात सुई असताना फोन नको."

त्यांचा दिवस उजेडाच्या हिशेबाने चालतो. स्वयंपाक आटोपून साडेआठला पूर्वेच्या खिडकीशी बसायचे ते बारापर्यंत. काळ्या कापडाला हात लावायचा तो याच वेळात. दुपारनंतर काळ्यावरचे धागे मोजताना डोळ्यांना त्रास होतो. जेवणानंतर आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नमुने काढायचे. संध्याकाळी दोऱ्याच्या लड्यांचा आणि पैशांचा हिशेब. शनिवारी आसपासच्या गल्ल्यांतल्या आणि खेड्यांतल्या बायका येतात, भरलेले कापड देतात आणि नवे घेऊन जातात. सुगीत काम मंदावते, मुलांच्या परीक्षा आल्या की आणखी मंदावते. अक्का तगादा लावत नाहीत. म्हणतात, "घाईनं भरलेलं मलाच उसवावं लागतं."

कसूती हे मोजणीचे भरतकाम. कापडावर आधी काही छापायचे वा आखायचे नाही. ताणा-बाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत, त्यावरून कसूती झाली, असे धारवाडकडे सांगतात. टाके चार. 'गवंती' म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एक घर सोडून एक टाका घालत जायचे, परतताना सुटलेली घरे भरत यायचे. गंटु म्हणजे गाठ, त्यावरून हे नाव आले म्हणतात. 'मुर्गी' पायऱ्यापायऱ्यांनी वळत जाते. 'नेयगी' म्हणजे विणकाम. लहानमोठ्या धावदोऱ्यांनी अशी भरतात की नक्षी मागावरच विणली आहे असे वाटावे. आणि 'मेंथी' म्हणजे आपली मेथी. मेथीच्या दाण्यांसारखा दिसणारा हा फुलीचा टाका. रुखवतात मांडायच्या रुमालांवर आणि 'सुस्वागतम्'च्या तसबिरींवर आपण जो क्रॉस स्टिच भरायचो, तोच. हत्तीचे अंग किंवा रथ गच्च भरायला तो वापरतात. दोरा जास्त खातो.

गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात. हीच कसूतीची खरी कसोटी. हाच दुहेरी धावदोरा युरोपातही आहे. हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या चित्रांतल्या माणसांच्या कपड्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला होल्बाइनचा टाका म्हणतात. आमच्या बायकांना मात्र कुणा चित्रकाराने नाव दिले नाही. त्यांनी आपल्या टाक्याला डब्यातल्या मेथीचे नाव दिले.

नमुना तयार करणे म्हणजे नुसते चित्र काढणे अशी माझी समजूत होती. अक्कांनी ती घालवली. त्यांनी चौकटीच्या कागदावर एक छोटे गोपूर काढले आणि पेन्सिलीचे टोक एका कोपऱ्यावर ठेवले. "इथून निघायचं. सगळ्या रेषांवरून जायचं आणि परत इथंच यायचं. मागं दोरा लोंबता कामा नये, गाठ दिसता कामा नये. चित्र कुणीही काढेल. हा रस्ता सापडणं म्हणजे काम." कुठल्या फाट्यावर आधी वळायचे, कळसाला जाऊन कुठून उतरायचे, हे त्या पेन्सिलीने दोनदा चालून बघतात. मगच कागदावर आकडे घालतात.

त्यानंतर येते नमुन्याचे कापड. प्रत्येक नव्या नक्षीसाठी त्या वीतभर कापडावर ती स्वतः एकदा भरतात. कागदावरचे गोपूर जाड मॅटीवर तळहाताएवढे होते, तेच बारीक सुतावर अंगठ्याएवढे. कुठे दोन धाग्यांवर टाका घ्यायचा, कुठे चार, हे कापडच सांगते. धागे मोजता येणार नाहीत अशा तलम रेशमावर आधी कॅनव्हास टाचतात, त्यावरून भरतात आणि मग कॅनव्हासचा एकेक धागा ओढून काढून टाकतात. हे सारे नमुने अक्कांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवले आहेत. त्यांत पालखी, नंदी, दीपमाळ, चाफ्याचे फूल असे आईकडून आलेले आहेत आणि स्वतःचे नवेही. लक्कुंडीला मुसुकिन बावीच्या पायऱ्या बघून आल्यावर त्यांनी मुर्गीत एक काठ बसवला. तो आता त्यांच्याकडच्या बायकांना पाठ आहे.

पूर्वी छापील पुस्तके नव्हती तेव्हा नमुन्याचे कापड हीच बायकांची वही. जगभर तसेच होते. तारीख घातलेले सर्वांत जुने इंग्रजी नमुनावस्त्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बोस्टॉक या बाईने ते १५९८ साली भरले आणि ॲलिस ली नावाच्या मुलीचा १५९६ मधला जन्मदिवस त्यावर टाक्यांनी लिहून ठेवला. आमच्याकडे बहुधा तारखा घालत नसत. मुलीच्या लग्नात द्यायची चंद्रकळा आधी भरायला घ्यायची, त्यासाठी असे कापड हाताशी ठेवायचे.

कसूतीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा उपयोग झाला का, असे विचारले तर अक्का हसल्या. "नाव झालं. पण दुकानात यंत्रावरची साडीसुद्धा त्याच नावानं विकतात की." यंत्राची साडी एका दिवसात निघते, हाताच्या साडीला काम दाट असेल तर दोन-दोन महिने जातात. गिऱ्हाईक फोनवर यंत्राच्या साडीचा फोटो पाठवते आणि विचारते, तुमची इतकी महाग का? त्यावर अक्कांचे ठरलेले उत्तर एकच: "साडी उलटी करून बघा." यंत्राच्या साडीला मागे दोऱ्यांचे जाळे असते, बहुधा त्यावर कापडाचा थर चिकटवलेला असतो. हाताच्या गवंतीला मागची बाजूच नसते. वाचकांनीही खरेदी करताना एवढे लक्षात ठेवावे. उरलेली गोष्ट मजुरीची. बायकांना मजुरी नक्षीगणिक मिळते, आणि दिवसभर बसून हाती येते त्यापेक्षा शिवणयंत्रावर किंवा दुकानात जास्त मिळते. अक्कांची स्वतःची सून बँकेत आहे. "तिनं का बसावं इथं?" हे त्या अगदी सरळ म्हणाल्या, तक्रार म्हणून नव्हे.

चहा झाल्यावर मी पिशवीतून अव्वांचे कापड काढले. अक्कांनी चष्मा लावला, कापड खिडकीशी धरले आणि पहिल्यांदा उलटे केले. बराच वेळ बोलल्या नाहीत.

"हात चांगला. नवलगुंदकडचा हत्ती हा, आमच्यापेक्षा सोंड उंच. ही वरची तीन ओळी लग्नाआधीची असणार, दोन धाग्यांवर टाका आहे. इथून खाली तीन धाग्यांवर. इथून चार. नजर कमी होत गेली, तरी सोडलं नाही." म्हणजे अव्वा हे कापड आमच्या घरात, आमच्या डोळ्यांदेखत, वर्षानुवर्षे भरत होत्या. कधी? दुपारी, आम्ही सगळे बाहेर असताना.

मग त्यांचे बोट एका कोपऱ्याशी थांबले. "हे मात्र दुसऱ्या कुणाचं." सात-आठ घरांची गवंतीची वाकडी ओळ. मागे तीन ठळक गाठी. "शाळेत शिवण शिकलेल्या कुणीतरी केलंय. दोऱ्याला गाठ मारूनच सुरुवात."

मला ती दुपार आठवली. लग्नानंतरचा पहिला श्रावण. अव्वांनी मला शेजारी बसवून घेतले होते, हातात सुई दिली होती आणि कानडीत काहीतरी समजावत होत्या. मला तेव्हा कानडी नीट येत नव्हते. अर्ध्या तासात मी "पेपर तपासायचे आहेत" म्हणून उठले. पुन्हा कधी बसले नाही आणि त्यांनीही पुन्हा बोलावले नाही.

"माझी आहे ती ओळ," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कापडाकडे. "एक धागा चुकलात तुम्ही. एक धागा चुकला की पुढचं गोपूर मिटत नाही. आम्ही अशी ओळ उसवतो. दोरा वाया गेला तरी उसवतो. यांनी उसवली नाही. हे बघा." त्यांनी सुईच्या टोकाने दाखवले. माझ्या ओळीच्या पुढचे गोपूर, त्यापुढचा मोर, त्यापुढचे वृंदावन, सगळे एकेक धागा डावीकडे सरकवून भरले होते. पुढची मोजणी अव्वांनी माझ्या चुकीपासूनच धरली होती.

शेवटचे वृंदावन अर्धे आहे. पूर्ण करून देऊ का, असे अक्कांनी विचारले. मी नको म्हणाले. त्यांच्याकडून वीतभर मॅटी, तांबड्या दोऱ्याची एक लडी आणि गोपुराचा आकडे घातलेला कागद घेतला. पैसे देऊ लागले तर त्यांनी फक्त दोऱ्याचे घेतले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. लेकीला फोन केला, पेढा घेतल्याचे सांगितले, कापडाचे घरी आल्यावर सांगेन म्हणाले. शेजारी साठीपुढच्या एक बाई होत्या. त्यांनी माझे मराठी बोलणे ऐकले असावे. कित्तूर मागे पडल्यावर वारे गार झाले, तशा त्या पदर डोक्यावरून घेत मला म्हणाल्या, "ते खिडकी लावता काय हो? लई गार आलंय."

"लावते की," मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.